पाठराखा : आंद्रेस एस्कोबार याचें अल्पचरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं चरित्रें यावींत, जुन्या धर्मगुरूंच्या श्रमांच्या हकीगती याव्यात, धर्मग्रामाचा इतिहास यावा, हें रीतीस धरून आहे. अशा पानांत एका फुटबॉल खेळणाऱ्याचें चरित्र कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि तो वाजवीच आहे. आमचें उत्तर साधें आहे. संध्याकाळीं शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून, बाजाराची गर्दी चुकवीत घरीं परततांना, एखाद्या मोकळ्या जागेंत चार विटा मांडून त्यांस गोल मानून खेळणारीं मुलें आम्हांस दिसतात. ज्यानें गोल केला त्याला सोबती खांद्यावर घेतात. ज्याच्या पायाच्या चुकीनें आपल्यावर गोल झाला, तो मात्र कडेला एकटा उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशीं गडी वांटून घेतांना त्याचें नांव शेवटीं येतें. मुलांचें हें वागणें पाहून आम्ही हसतों; पण आम्ही मोठीं माणसें घरांत, दुकानांत, कचेरींत, किंबहुना देवळाच्या अंगणांतही याहून फारसें निराळें वागतों असें नाहीं. चुकलेल्या माणसाशीं कसें वागावें, हा प्रश्न ज्यास कधीं पडला नाहीं असा मनुष्य विरळा. त्या प्रश्नासाठींच हें चरित्र आम्हीं निवडलें आहे.

आंद्रेस एस्कोबार हा दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाचा फुटबॉलपटू. खेळ हाच त्याचा व्यवसाय होता, आणि त्यावरच त्याचा चरितार्थ चाले. २ जुलै १९९४ रोजीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, त्याचा खून झाला. त्यास ३० वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि जगांत जेथें जेथें हा खेळ खेळला जातो तेथें तेथें त्याचें नांव अजून हळहळीनें घेतलें जातें. बहुतेकांस त्याच्या आयुष्यांतील शेवटचे दहा दिवस तेवढे ठाऊक असतात. आम्हांस वाटतें कीं, त्या दहा दिवसांचा अर्थ कळण्यास त्यांच्यामागचीं सर्व वर्षेंही पाहिलीं पाहिजेत.

प्रथम त्याच्या कामाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. फुटबॉलच्या खेळांत एका बाजूस अकरा गडी असतात. पुढच्या फळींतील गड्यांचें काम गोल करण्याचें. मागच्या फळींतील गड्यांचें काम प्रतिपक्षास तो करूं न देण्याचें. या मागच्या गड्यास मैदानावर बॅक म्हणतात. आम्ही त्यास पाठराखा म्हणूं. त्याची स्थिति रखवालदारासारखी असते. रात्रभर चोरी झाली नाहीं म्हणून सकाळीं कोणी रखवालदाराच्या गळ्यांत हार घालीत नाहीं. परंतु एका रात्रीं कुलूप तुटलें कीं पहिलें बोट त्याच्याकडे वळतें. पाठराख्यानें नव्वद मिनिटांत वीस वेळां धोका टाळला तर तें कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं. एकविसाव्या वेळीं तो चुकला तर तें कोणी विसरत नाहीं. आमच्या देशांतीलच उदाहरण घ्या. १९६२ सालीं जकार्ता येथील एशियाई सामन्यांत भारतीय संघानें ४ सप्टेंबर रोजीं दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकलें. पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी यांचीं नांवें आजही लोकांच्या ओठांवर आहेत. परंतु त्याच संघांत मधल्या फळींत उभे राहून मागची बाजू सांभाळणारे, गोव्यांतील कोलवाळ गांवचे आणि मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेले फॉर्च्युनातो फ्रांको हे आपल्याच समाजाचे गृहस्थ होते, हें आपल्यांपैकीं कितीकांस ठाऊक आहे? राखणाऱ्याचें नशीब सर्व देशांत सारखेंच.

आंद्रेसचा जन्म १३ मार्च १९६७ रोजीं कोलंबियांतील मेदेयीन शहरीं झाला. हें शहर अँडीज पर्वताच्या एका खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर उंचीवर वसलेलें आहे. चोहोंकडे डोंगर, मध्यें वस्ती, आणि उतारावर चढत गेलेलीं गरिबांचीं घरें. आमच्या शहराचें नांव जसें हिमरूमुळें झालें, तसें मेदेयीनचें नांव एके काळीं तेथील कापडगिरण्यांमुळें झालें. कॅथोलिक जगास हें शहर दुसऱ्या एका कारणानें परिचित आहे. १९६८ सालीं लॅटिन अमेरिकेंतील बिशपांची परिषद येथेंच भरली, आणि गोरगरिबांच्या दुःखाकडे ख्रिस्तसभेनें अधिक कळकळीनें पाहावें हा विचार तेथून दूरवर पसरला. पुढें १९८६ सालीं, ज्या वर्षीं फेब्रुवारींत पोप दुसरे जॉन पॉल भारतांत येऊन गोवा, पुणें व मुंबई येथील भाविकांस भेटले, त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्यांनीं मेदेयीनलाही भेट दिली. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनीं व त्या शहरच्या लोकांनीं एकाच वर्षीं, एकाच पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावले होते.

एस्कोबार कुटुंब मध्यम स्थितींतील व धर्मशील होतें. कालासान्स नांवाच्या ज्या वस्तींत आंद्रेस वाढला, त्या वस्तीस गरीब मुलांसाठीं फुकट शाळा काढणाऱ्या संत जोसेफ कालासान्स यांचें नांव आहे. त्याचे वडील पेढीवर नोकरीस असत; आणि रस्त्यावर रिकामीं भटकणारीं मुलें वाईट मार्गास लागूं नयेत म्हणून त्यांस फुटबॉलकडे वळविणारी एक संस्था त्यांनीं काढिली होती. थोरला भाऊ सांतियागो हाही नांवाजलेला खेळाडू झाला. अशा घरांत चेंडू हें केवळ करमणुकीचें साधन नव्हतें. मुलाचें पाऊल सरळ पडावें यासाठीं बापानें त्याच्या पायाशीं ठेवलेली ती वस्तु होती. आंद्रेसनें शाळेचा अभ्यास पुरा केला, आणि मग तो खेळाच्या व्यवसायांत शिरला.

या ठिकाणीं एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. ज्या काळांत आंद्रेस वयांत येत होता, त्याच काळांत मेदेयीन शहर कोकेन नांवाच्या मादक द्रव्याच्या चोरट्या व्यापारानें पोखरून निघत होतें. त्या व्यापाराचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार हा त्याच शहरचा. आडनांव एकच, परंतु दोघांचें कांहीं नातें नव्हतें. पाब्लोच्या हातीं अमाप पैसा आला. त्यानें न्यायाधीश, पोलीस, पुढारी यांस विकत घेतलें, आणि जे विकत मिळाले नाहींत त्यांस मारविलें. १९९१ या एका वर्षांत मेदेयीनमध्यें ६,००० हून अधिक खून झाले. गरीब वस्त्यांतील पंधरा-सोळा वर्षांचीं पोरें थोडक्या पैशांसाठीं मारेकरी बनलीं. खेळासही या पैशाची कीड लागली. व्यापाऱ्यांच्या टोळ्या संघांवर पैसा ओतीत, आणि सामन्यांवर मोठमोठ्या पैजा लावीत. एकाच शहरांत, एकाच आडनांवाचे दोन पुरुष वाढले. एकाच्या नांवानें लोक थरथरत, दुसऱ्याच्या नांवानें टाळ्या वाजवीत. जन्मभूमि मनुष्यास घडविते हें खरें. पण तीच सर्व कांहीं ठरविते असें मात्र नव्हे.

आंद्रेस शहरच्या आत्लेतिको नासियोनाल या संघांत दाखल झाला. १९८७ सालीं त्या संघाची सूत्रें फ्रान्सिस्को मातुराना यांच्या हातीं आलीं. हे गृहस्थ शिक्षणानें दंतवैद्य, आणि तरुणपणीं स्वतः मागच्या फळीचे खेळाडू होते. परदेशांतून महागडे खेळाडू न आणतां केवळ कोलंबियन मुलांचाच संघ उभा करावयाचा, असा निश्चय त्या संघानें केला होता. मातुरानांची शिकवणही निराळी होती. प्रतिपक्षाच्या एकेका गड्यामागें धांवत सुटण्याऐवजीं मागच्या चौघांनीं एका ओळींत उभें राहावें, प्रत्येकानें आपला टापू राखावा, सर्वांनीं एकदमच पुढें सरकावें व एकदमच मागें यावें, ही ती रीत. अशा खेळांत धसमुसळेपणा चालत नाहीं. चेंडू कोठें जाणार हें आधीं ओळखावें लागतें, आणि शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. चौघांपैकीं एकानें जरी पाऊल चुकविलें, तरी सगळी ओळ फसते.

आंद्रेसचा पिंडच या खेळास साजेसा होता. तो उंच, सडपातळ, आणि स्वभावानें शांत. पाठराख्यांपैकीं पुष्कळजण प्रतिपक्षाच्या पायांवर लाथ घालून आपला धाक बसवितात. आंद्रेस चेंडू काढून घेई, माणसास पाडीत नसे. चेंडू हातीं आल्यावर तो भीतीनें दूर भिरकावून देण्याऐवजीं, डोकें वर करून आपल्या सोबत्याकडे पोंचता करी. रागानें कोणाच्या अंगावर धांवून जाणें, पंचाशीं हुज्जत घालणें, या गोष्टी त्याच्या ठायीं नव्हत्या. म्हणून त्याच्या देशांतील लोक त्यास फुटबॉलमधील सभ्य गृहस्थ असें म्हणूं लागले. ज्या शहरांत बंदुकीच्या जोरावर पत मिळे, तेथें सभ्यपणाबद्दल कोणास उपाधि मिळावी, ही लहान गोष्ट नव्हे.

१९८८ सालीं तो राष्ट्रीय संघांत आला. त्याच वर्षीं २४ मे रोजीं लंडनच्या प्रसिद्ध वेंबली मैदानावर कोलंबियाचा इंग्लंडशीं सामना झाला. इंग्लंडनें आघाडी घेतली होती. तेव्हां कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर उडी घेऊन आंद्रेसनें डोक्यानें गोल केला, आणि सामना १-१ असा बरोबरींत सुटला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यानें प्रतिपक्षावर केलेला हा एकमेव गोल. पाठराख्याच्या हिशेबाच्या वहींत जमेच्या बाजूस असे आंकडे थोडेच असतात.

१९८९ हें साल नासियोनाल संघाच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहिण्यासारखें ठरलें. दक्षिण अमेरिकेंतील सर्व देशांच्या विजेत्या संघांत कोपा लिबर्तादोरेस नांवाची जी मोठी स्पर्धा होते, तिच्या अंतिम फेरींत त्यांची गांठ पॅराग्वेच्या ओलिंपिया संघाशीं पडली. पॅराग्वेंतील पहिला सामना नासियोनाल ०-२ असा हरला. ३१ मे रोजीं बोगोता येथें झालेला दुसरा सामना त्यांनीं २-० असा जिंकला, आणि बरोबरी झाल्यामुळें निकाल पेनल्टींवर आला. पहिली पेनल्टी मारण्यास पाठविला गेला तो आंद्रेस. वय अवघें २२ वर्षांचें. सगळ्या देशाचे डोळे त्याच्या पायाकडे. पण त्याचा पाय डगमगला नाहीं, आणि चेंडू जाळ्यांत गेला. दोन्ही बाजूंनीं नऊ-नऊ पेनल्टी मारल्यावर नासियोनाल ५-४ असा विजयी झाला. गोलरक्षक रेने इगिता यानें त्या रात्रीं पराक्रमाची शर्थ केली. कोलंबियाच्या कोणत्याही संघानें ही स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस देशास मान खालीं घालावी लागली. १५ नोव्हेंबर १९८९ रोजीं आल्वारो ओर्तेगा नांवाच्या पंचाचा मेदेयीनमध्यें गोळ्या घालून खून झाला, आणि त्या वर्षाची राष्ट्रीय स्पर्धा रद्द करावी लागली. पंचानें एका सामन्यांत दिलेला निर्णय कोणास आवडला नाहीं, म्हणून त्याचा जीव घेतला गेला. हा इशारा होता. पण तो कोणीं ऐकला नाहीं. डिसेंबरांत नासियोनाल संघ जपानांत टोकियो येथें युरोपचा विजेता मिलान याच्याशीं खेळला. जादा वेळ जवळजवळ संपेपर्यंत मागच्या फळीनें त्या बलाढ्य संघास रोखून धरलें, आणि अगदीं शेवटीं एका गोलानें सामना हातचा गेला.

१९९० च्या आरंभीं आंद्रेस स्वित्झर्लंडमधील यंग बॉईज या संघाकडून कांहीं महिने खेळला, आणि मग मायदेशीं परतला. त्याच उन्हाळ्यांत इटलींत विश्वचषकाचे सामने झाले. कोलंबियाचा संघ २८ वर्षांनंतर प्रथमच तेथें पोंचला होता. पश्चिम जर्मनीशीं, म्हणजे पुढें जो संघ विजेता ठरला त्याच्याशीं, त्यांनीं १-१ अशी बरोबरी केली. दुसऱ्या फेरींत कॅमेरूनच्या संघाशीं खेळतांना गोलरक्षक इगिता गोल सोडून फार पुढें आला; रॉजे मिला यानें त्याच्या पायांतून चेंडू हिसकावून मोकळ्या गोलांत घातला, आणि कोलंबिया १-२ असा हरून बाहेर पडला. चूक उघड होती, सर्व जगानें पाहिलेली होती. तरी देशानें ती पोटांत घातली. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याच देशानें, त्याच खेळांत, चार वर्षांपूर्वीं एका चुकलेल्यास क्षमा केली होती. म्हणजे क्षमा करणें त्यांस ठाऊक नव्हतें असें नव्हे.

१९९१ सालीं नासियोनाल संघ देशाचा विजेता ठरला. पुढें गुडघ्याच्या दुखापतीमुळें आंद्रेसला बराच काळ मैदानाबाहेर राहावें लागलें. ५ सप्टेंबर १९९३ रोजीं कोलंबियानें अर्जेंटिनाच्या राजधानींत जाऊन त्या देशाचा ५-० असा फडशा पाडला, तेव्हां आंद्रेस संघांत नव्हता. त्या विजयानें देश बेभान झाला. ब्राझीलचा महान खेळाडू पेले यानेंही कोलंबियास विश्वचषकाच्या दावेदारांत गणलें. इकडे २ डिसेंबर १९९३ रोजीं पाब्लो एस्कोबार पोलिसांच्या गोळ्यांनीं ठार झाला; पण म्होरक्या मेल्यानें टोळ्या संपल्या नाहींत, उलट त्या सुटल्या. अशा वेळीं, आशा आभाळास टेकलेल्या आणि कायदा धुळीस मिळालेला असतां, राष्ट्रीय संघ १९९४ च्या विश्वचषकासाठीं अमेरिकेस निघाला. आंद्रेस दुखापतींतून बरा होऊन, दोन क्रमांकाचा सदरा घालून, पुन्हां मागच्या फळीच्या मध्यभागीं उभा होता. त्याचा विवाह ठरला होता, आणि मिलान संघाकडून त्यास बोलावणें येणार असल्याची वार्ता होती.

१८ जून रोजीं पहिल्याच सामन्यांत रुमानियानें कोलंबियाचा ३-१ असा पराभव केला. दुसरा सामना यजमान अमेरिकेशीं होता. त्यापूर्वीं संघाच्या मुक्कामावर धमकीचा निरोप आला कीं, गाब्रिएल गोमेस या खेळाडूस मैदानांत उतरवाल तर परिणाम भोगावे लागतील. शिक्षक मातुराना यांचें मन खचलें; गोमेसला वगळण्यांत आलें. अशा भयाच्या छायेखालीं, २२ जून १९९४ रोजीं, पासाडेना शहरच्या रोज बोल मैदानावर, ९०,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर सामना सुरू झाला.

सामन्याचें ३५ वें मिनिट चालू होतें. अमेरिकेच्या जॉन हार्क्स यानें डाव्या बाजूनें कोलंबियाच्या गोलासमोर चेंडू आडवा लोटला. पलीकडून त्यांचा दुसरा गडी त्यावर धांवून येत होता. पाठराख्यापुढें अशा वेळीं निवड एकच असते. चेंडू तसाच जाऊं दिला तर प्रतिपक्ष गोल करणार. म्हणून अंग झोंकून पाय पुढें करावा, आणि तो चेंडूस कसा लागेल तें परमेश्वरावर सोडावें. आंद्रेसनें तेंच केलें. चेंडू त्याच्या पायास लागून दिशा बदलून गेला. गोलरक्षक कोर्दोबा दुसरीकडे वळलेला होता. आणि चेंडू कोलंबियाच्याच जाळ्यांत जाऊन विसावला. आपल्याच हातून आपल्यावर होणाऱ्या अशा गोलास स्वयंगोल म्हणतात. आंद्रेस क्षणभर पाठीवर पडून राहिला, दोन्ही हात त्यानें डोक्याशीं नेले, आणि मग उठून आपल्या जागीं जाऊन उभा राहिला. पुढें अमेरिकेनें आणखी एक गोल केला. कोलंबियानें अगदीं शेवटीं एक फेडला. आणि सामना २-१ असा हातचा गेला. २६ जूनला त्यांनीं स्वित्झर्लंडचा २-० असा पराभव केला खरा, पण त्याचा उपयोग झाला नाहीं. संघ स्पर्धेंतून बाहेर पडला.

आतां आंद्रेसनें जें केलें, त्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. लोकक्षोभ शांत होईपर्यंत त्यास अमेरिकेंतच राहतां आलें असतें. तेथें त्याचे नातेवाईकही होते. तो राहिला नाहीं. सरळ घरीं परतला. बोगोताच्या एल तियेंपो या वृत्तपत्रांत तो विश्वचषकासंबंधीं लिहीत असे. तेथें त्यानें पराभवाविषयीं लेख लिहिला. त्यांत त्यानें कोणावर दोष ढकलला नाहीं. आयुष्य येथें संपत नाहीं, पुढें चालत राहिलें पाहिजे, परस्परांविषयींचा आदर सोडूं नये, या आशयाचें लिहून त्यानें वाचकांचा निरोप घेतला. खरें म्हणजे सांत्वनाची गरज त्याला होती. तो मात्र देशाचें सांत्वन करीत होता. चूक झाल्यावर तोंड न लपवितां लोकांसमोर उभें राहणें, हें मैदानावरील कोणत्याही पराक्रमाहून कठीण काम आहे.

१ जुलैच्या रात्रीं तो मित्रांसह मेदेयीनमध्यें बाहेर गेला. कांहीं लोकांनीं त्या स्वयंगोलावरून त्यास टोमणे मारले, डिवचलें. २ जुलैच्या पहाटे, सुमारें तीन वाजतां, एका उपाहारगृहाबाहेरील मोटारींच्या तळावर तो आपल्या गाडींत एकटा होता. तेथें पुन्हां बाचाबाची झाली. त्यानें समजावण्याचा प्रयत्न केला. ती चूक जाणूनबुजून झाली नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्यावर त्याच्या अंगांत सहा गोळ्या घालण्यांत आल्या. रुग्णालयांत नेल्यावर थोड्याच वेळांत त्याचा प्राण गेला.

मारेकऱ्याचें नांव येथें देण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. तो नशेच्या व्यापाराशीं संबंध असलेल्या धनिकांचा मोटार हाकणारा होता. न्यायालयानें त्यास ४३ वर्षांची सजा दिली. पुढें ती कमी होऊन २६ वर्षांवर आली, आणि २००५ सालीं, सुमारें ११ वर्षें भोगून, तो सुटला. आंद्रेसच्या अंत्यविधीस १,२०,००० हून अधिक माणसें लोटलीं. देशाचे अध्यक्षही आले. मेदेयीनमधील ज्या दफनभूमींत त्यास मूठमाती मिळाली, तिच्या स्पॅनिश नांवाचा अर्थ शांतीचीं शेतें असा आहे. २००२ सालीं शहरांत त्याचा पुतळा उभारण्यांत आला.

या मरणांतून एक चांगलें रोपटेंही उगवलें. त्या वेळीं मेदेयीनमध्यें शिकत असलेल्या युर्गेन ग्रीसबेक नांवाच्या जर्मन तरुणास ही घटना स्वस्थ बसूं देईना. १९९६ सालीं त्यानें शांतीसाठीं फुटबॉल या नांवाची चळवळ सुरू केली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या वस्त्यांतील पोरें तिनें एका मैदानावर आणलीं. नियम असे कीं, प्रत्येक संघांत मुलगे व मुली दोन्हीं असावींत; पहिला गोल मुलीनेंच करावा; आणि पंच नसावा, तंटा झाल्यास खेळणाऱ्यांनीं आपसांत बोलून तो मिटवावा. जेथें पंचास निर्णयासाठीं मारलें गेलें होतें, तेथें मुलें पंचावांचून खेळूं लागलीं. आंद्रेसच्या वडिलांनीं ज्या हेतूनें चेंडू मुलांच्या पायाशीं ठेवला होता, तोच हेतु असा पुन्हां जिवंत झाला.

आतां या चरित्राचा आम्हांस जो बोध झाला तो सांगतों. आमच्या धर्मशिक्षणांत लहान मुलासही शिकविलें जातें कीं, महापाप घडण्यास पूर्ण जाणीव लागते आणि मनाची पूर्ण संमति लागते. ज्या कृत्यांत या दोन्ही गोष्टी नाहींत, तें तसलें पाप नव्हे. आंद्रेसच्या पायानें जें घडलें, त्यांत ना इच्छा होती, ना आळस. उलट कर्तव्य करतांनाच तें घडलें. जो गडी पाय पुढें करीत नाहीं, त्याच्या हातून स्वयंगोल कधींच होत नाहीं. त्याच शहरांत विषाचा व्यापार चालला होता, पैजा लागत होत्या, पोरांच्या हातीं पिस्तुलें दिलीं जात होतीं. आणि हें सर्व जाणीवपूर्वक, पूर्ण संमतीनें चाललें होतें. त्यास लोक व्यवहार म्हणत, नाइलाज म्हणत, काळाचा महिमा म्हणत. चुकीस पाप ठरवावें आणि पापास व्यवहार म्हणून सोडून द्यावें, हा उलटा न्याय जेथें रूढ होतो, तेथें अखेरीस एखादा निरपराध जिवास मुकतो. सहा गोळ्या एका माणसानें झाडल्या. परंतु तो उलटा न्याय त्याच्या आधीं कितीतरी जणांनीं आपल्या मनांत चालविला होता.

दूरच्या देशाची गोष्ट म्हणून आम्हीं स्वस्थ बसावें काय? आमच्यांत पिस्तूल कोणी उचलीत नाहीं, हें खरें. परंतु शाळेंतील परीक्षेंत नापास झालेला मुलगा, धंद्यांत खोट आलेला भाऊ, ज्या सुनेच्या हातून एखादी वस्तु फुटली ती सून, वाचनाच्या वेळीं ज्याची जीभ अडखळली तो तरुण, यांच्याकडे आपण कसे पाहतों? किती वर्षें तीच गोष्ट पुनःपुन्हां काढितों? आमच्या स्वामीनें तर नुसत्या चुकलेल्यास नव्हे, भीतीनें तीनदां ओळख नाकारणाऱ्या संत पेत्रासही दूर लोटलें नाहीं. त्याच्याच हातीं आपला कळप सोंपविला. त्या स्वामीचें नांव सांगणाऱ्यांनीं, स्वयंगोल झालेल्या पोरास दुसऱ्या दिवशीं खेळांत पहिल्यानें बोलवावें, एवढें तरी केलें पाहिजे.

आंद्रेस एस्कोबार हा संत होता असें आमचें म्हणणें नाहीं. तो आपलें काम चोख करणारा, सभ्य आणि सरळ मनाचा तरुण होता. राखण्याचें काम त्यानें पत्करलें होतें. राखतां राखतां त्याचा पाय घसरला. त्यानें तें नाकारलें नाहीं, आणि तो आपल्या माणसांकडेच परत आला. त्याच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांति देवो. आणि पुढच्या वेळीं शहागंजच्या बाजारांतून घरीं जातांना, मैदानाच्या कडेला एकटा उभा असलेला मुलगा आपणांपैकीं कोणास दिसला, तर दोन पावलें थांबून त्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची बुद्धि तोच परमेश्वर आपणां सर्वांस देवो.